आजेसासऱ्यांच्या पेटीतला गंज: व्हिनेगर, लिंबूसत्त्व की फरशीचं ॲसिड?

ताई, तुमचा प्रश्न वाचला आणि त्याखालची उत्तरंही वाचली. खानापूर तालुक्यातल्या सासरच्या घरी माळ्यावर आजेसासऱ्यांची सुतारकामाची पेटी निघाली. आत रंध्याची दोन पाती, चार पटाश्या, बिडाचा एक व्हाइस (वस्तू घट्ट धरायचा शिकंजा), पितळी मुठीचा अडकित्ता आणि स्प्रिंगची पकड, सगळं तांबूस पडलेलं. खंडेनवमीला ती हत्यारं पूजेत मांडायची तुमची इच्छा आहे. एकानं टॉयलेट क्लीनर सांगितलंय, एकानं कोला, एकानं चिंच. आता यातलं नेमकं काय वापरू, असा तुमचा प्रश्न.

मी बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यांच्या वसाहतीत, तीसेक वर्षं फिटर म्हणून काढली, गंज पोटभर पाहिला. माझं म्हणणं असं, की ॲसिड कुठलं हा प्रश्न तितका मोठा नाही. आंबट काहीही घ्या, गंज आज ना उद्या सुटतो. काम नासतं ते दोन जागी: जी वस्तू बुडवायचीच नाही ती बुडवली तर, आणि बाहेर काढल्यावरच्या पहिल्या दहा मिनिटांत.

टॉयलेट क्लीनरचं आधी सांगतो, कारण त्या उत्तराला सगळ्यात जास्त लाइक आहेत. त्यातल्या बहुतेकांत साधारण १० टक्के हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. फरशी घासायचं सुटं ॲसिड मिळतं ते याहून बरंच कडक. गंज झटक्यात जातो यात वाद नाही. पण एकदा पंचविशीच्या तोऱ्यात मी शेडच्या कोपऱ्यात फरशीच्या ॲसिडची बादली भरली, गंजलेले गिअर त्यात टाकले आणि दार ओढून घरी गेलो. सकाळी गिअर पांढरे स्वच्छ. आणि बाकी शेड? लेथचा बेड, फळीवर ओळीनं लावलेले ड्रिल, उघडे राहिलेले पाने, सगळ्यावर हळद शिंपडल्यासारखा गंज. वाफ रातभर फिरत होती. मिस्त्री ओरडले नाहीत, नुसता पॉलिश पेपरचा गठ्ठा हातात दिला. दोन दिवस घासत होतो. शिवाय ते गिअरही आठवड्यात पुन्हा लाल व्हायला लागले. या ॲसिडातलं क्लोराइड लोखंडाच्या बारीक खड्ड्यांत दडून राहतं आणि हवेतला ओलावा ओढतं. खानापूरच्या हवेत ओलाव्याला काय तोटा! तेव्हा हे नकोच. आणि कुणी घाईत टॉयलेट क्लीनरमध्ये ब्लीचिंग पावडर किंवा ब्लीच मिसळलं तर क्लोरीन वायू सुटतो, तो जिवावर बेततो. बाथरूममध्ये तर हा खेळ करूच नका.

कोलात फॉस्फोरिक ॲसिड असतं खरं, पण नावापुरतं. उरतो साखरेचा चिकटा आणि मुंग्या. चिंचेत टार्टारिक ॲसिड असतं. तांब्या-पितळेला आपल्याकडं चिंच आणि आमसूल पिढ्यान्‌पिढ्या चालतं, ते तिथंच राहू दे. लोखंडाला चिंच लावली तर गर चोपडत बसावं लागतं आणि लोखंड काळपट डागाळतं. पांढरा व्हिनेगर उत्तम काम करतो, त्यात ४-५ टक्के ॲसेटिक ॲसिड असतं. पण व्हाइस बुडेल इतका व्हिनेगर आणायचा म्हणजे बाटल्यांची रांग, आणि घरभर वास.

म्हणून लिंबूसत्त्व. सायट्रिक ॲसिड म्हणा, कानडी दुकानदाराला निंबे उप्पु म्हणा, तो बरोबर पुडी काढून देईल. रविवार पेठेत किराणा मालाच्या ठोक दुकानांत विचारा, किलोनं घेतलं तर परवडतं. एक लिटर पाण्याला ५० ग्रॅम हे साधं प्रमाण. पाणी कोमट घेतलं तर काम लवकर होतं.

पण पात्यांसाठी आणि पटाश्यांसाठी मी थोडं वेगळं करतो. एक लिटर पाण्यात १०० ग्रॅम लिंबूसत्त्व विरघळवायचं आणि त्यात ६० ग्रॅम खाण्याचा सोडा चमच्या-चमच्यानं घालायचा. एकदम ओतलात तर फेस उतू जाऊन ओट्यावर येईल. तुम्ही म्हणाल, ॲसिडात सोडा घातला म्हणजे ॲसिड मेलंच की! निम्मंच मरतं, आणि आपल्याला तेच हवं आहे. आंबटपणा उतरतो, त्यामुळं चांगल्या पोलादाला चावा कमी बसतो; आणि तयार झालेलं सायट्रेट गंजातल्या लोखंडाला धरून पाण्यात ओढून घेतं. पाणी आधी पिवळं, मग हिरवट, मग चहासारखं होतं.

बुडवण्याआधी तेल-मेण काढायला हवं. धुण्याचा सोडा गरम पाण्यात टाकून ब्रशनं घासा. तेलाच्या थराखाली ॲसिड पोचत नाही आणि मग ठिपके-ठिपके राहतात. भांडं प्लॅस्टिकचं घ्या. ॲल्युमिनियमचं पातेलं नको, ॲसिड त्यालाच खाईल. झाकण घट्ट लावू नका, आतून हायड्रोजनचे बुडबुडे निघतात. आणि वस्तू पूर्ण बुडली पाहिजे. अर्धी वर राहिली तर पाण्याच्या पातळीवर लोखंड जास्त खाल्लं जातं आणि तिथं एक रेघ उमटते, ती मग जन्माची.

तासातासानं काढून नळाखाली जुन्या टूथब्रशनं घासा. लाल जातं, मग त्याखालचं काळं सुटतं, मग राखाडी धातू दिसतो. राखाडी दिसला की थांबा. 'अजून थोडं राहू दे' म्हणून रातभर ठेवलेलं पातं मी पाहिलंय, बोट फिरवलं तर वाळूच्या कागदासारखं लागत होतं.

तुमच्या पात्यांच्या बाबतीत एक मजा दिसू शकते. जुन्या रंध्याच्या पात्यांवर बऱ्याचदा इंग्लंडमधल्या शेफील्डचा शिक्का असतो. ग्राइंडरला तारेचा ब्रश लावून घासलं तर तो शिक्का बुजतो. ॲसिडातून अक्षर न्‌ अक्षर वर येतं. आणि पातं जुन्या पद्धतीचं असेल तर कडेनं बघा, एक रेघ दिसेल. एका बाजूला फिकट मऊ लोखंड, दुसऱ्या बाजूला गडद पोलादाची पातळ पट्टी. सगळं पातं पोलादाचं करणं महाग, म्हणून धारेपुरतं पोलाद भट्टीत जोडत. ॲसिड दोघांना वेगळं रंगवतं, म्हणून ती रेघ उघडी पडते. मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा चहा गार झाला होता.

एक मात्र खरं, गंजानं खाल्लेलं लोखंड परत येत नाही. धारेजवळ खड्डे असतील तर ते जाईपर्यंत दगडावर घासावंच लागेल.

आता काय बुडवायचं नाही ते. अडकित्ता तसाच बुडवू नका. पितळ आणि लोखंड एकत्र ॲसिडात गेले की लोखंड जास्त झिजतं, पितळातलं जस्त जाऊन ते गुलाबी पडतं, कधी लोखंडावर तांब्याचा मुलामा चढतो. मूठ निघत असेल तर काढा. नाही तर लोखंडाच्या भागावर लिंबूसत्त्वात भिजवलेला टिश्यू गुंडाळून ठेवा, तो वाळू देऊ नका. पकडीतली स्प्रिंगही नको. कडक पोलादात ॲसिडातला हायड्रोजन शिरतो, मग स्प्रिंग वरून चांगली दिसते आणि एक दिवस ताणाखाली कट्‌कन तुटते. मुलामा देणारे कारखाने त्यासाठी माल भट्टीत तासन्‌तास तापवून हायड्रोजन काढतात, आपल्याला ते घरी जमायचं नाही. स्प्रिंग तारेच्या ब्रशनं आणि तेलानंच साफ करा. पटाश्याही कडक असतात, म्हणून त्यांना कमी तास, आणि नंतर दिवसभर हातोडी लावू नका. जस्ताचा मुलामा असलेले खिळे-स्क्रू पेटीत असतील तर ते बाजूला ठेवा. जस्त फसफसून निघून जाईल.

व्हाइसचं वेगळं. आधी स्क्रूवर डिझेल सोडून एक रात्र ठेवा आणि सुट्टा करा, आट्यांच्या आत अडकलेल्या गंजापर्यंत ॲसिड नीट पोचत नाही. मग सुटे भाग ५० ग्रॅमवाल्या पाण्यात. जुना रंग सुटून येईल. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून तो कोरडा घासून धूळ करू नका, ओलाच खरवडा.

बाहेर काढाल तेव्हा हात कोळशासारखे काळे होतील. घाबरू नका आणि परत बुडवू नका! बिडात कार्बन ग्राफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपात असतो. वरचं लोखंड विरघळलं की ते ग्राफाइट मोकळं होतं, पेन्सिलीच्या शिशासारखं. फाउंड्रीतल्या माणसाला हे सांगावं लागत नाही, पण घरी लोक 'अजून घाण आहे' म्हणून तीन-तीनदा बुडवतात आणि व्हाइस झिजवतात. साबण आणि ब्रशनं काळं जातं.

आता ती दहा मिनिटं. उघडं पडलेलं ओलं लोखंड तुमच्या डोळ्यांदेखत पिवळं पडतं, फोन आला म्हणून आत गेलात तर परत येईपर्यंत. म्हणून पातं बाहेर काढायच्या आधी तीन गोष्टी मांडून ठेवा: एका बादलीत पाणी आणि दोन चमचे धुण्याचा सोडा, गॅसवर उकळतं पाणी, आणि कोरडं फडकं. पातं काढलं की नळाखाली धुवा, लगेच सोड्याच्या पाण्यात बुडवा, म्हणजे उरलंसुरलं ॲसिड मरतं आणि गंज धरायला वेळ लागतो. मग चिमट्यानं उकळत्या पाण्यात मिनिटभर. बाहेर काढल्यावर लोखंड स्वतःच्याच उष्णतेनं वाळतं. कणकुंबी-जांबोटीकडच्या पावसात टॉवेल आठवडाभर वाळत नाही, तिथं नुसत्या फडक्यावर विसंबू नका. तव्यावर मंद आचेवर मिनिटभर ठेवा, हात लावण्याइतपतच गरम, फार तापवलं तर धारेचं पाणी, म्हणजे तिचा कडकपणा, उतरेल. कोमट असतानाच शिलाई मशीनचं तेल चोळा. खोबरेल नको, ते कालांतरानं खवट होऊन चिकटतं.

व्हाइसच्या कोपऱ्यात गंजाची पातळ साय उरलीच तर हिरडा वापरून बघा. काष्ठौषधीच्या दुकानात मिळतो, तुमच्या रानात तर झाडंच असतील. चार-पाच हिरडे ठेचून स्टीलच्या पातेल्यात पाणी बरंचसं आटेपर्यंत उकळा, गाळा, गार करा आणि ब्रशनं लावा. हिरड्यातलं टॅनिन गंजाशी जुळून निळसर काळा थर बनतो. काळी शाई आणि कापडाचा काळा रंग याच मेळातून होत आला. सुटा गंज असेल तर जमत नाही, तो आधी घासून काढा. आणि फरशीवर थेंब पडू देऊ नका, सासूबाई मला शोधत येतील.

वापरलेलं पाणी ओढ्यात किंवा विहिरीकडच्या उतारावर ओतू नका. फेस थांबेपर्यंत सोडा घाला, गाळ खाली बसू द्या, वरचं पाणी मग भरपूर पाण्यासोबत मोरीत सोडा.

व्हाइसच्या जबड्यांचा जवळून एक फोटो टाका. त्यावरच्या पट्ट्या वेगळ्या स्क्रूनं बसवलेल्या असतील तर त्या पोलादाच्या असतात, त्या काढून वेगळ्या बुडवायच्या. फोटो बघून नेमकं सांगतो.