टॅबमधले आकडे बरोबर वाजतात, तरी बासवर गाणे का उमटत नाही?

टॅब, म्हणजे तारांच्या रेघांवर आकडे मांडून लिहिलेली वादनाची लिपी, पाहून बास गिटारवर बोटे अचूक पडत असूनही गाणे ओळखू का येत नाही आणि त्यासाठी स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांची पाश्चात्त्य स्वरलिपी, शिकावेच लागेल का, असे आपण विचारले आहे. नोटेशनवाचून सध्या आपले अडणार नाही. आपल्याला जे सापडत नाही, ते बहुतेक टॅबमध्ये लिहिलेलेच नसते.

टॅबच्या चार रेघांपैकी सर्वांत खालची जाड ई तारेची, तिच्यावर ए, डी आणि सर्वांत वर बारीक जी. आकडा फ्रेटचा, म्हणजे गिटारच्या मानेवरच्या आडव्या पट्ट्यांनी पाडलेल्या घराचा; शून्य म्हणजे खुली, न दाबलेली तार. यावरून बोट कोठे ठेवायचे ते समजते, परंतु स्वर केव्हा घ्यायचा, किती मात्रा धरायचा आणि कोठे तोडायचा, हे इंटरनेटवरच्या साध्या टॅबमध्ये सहसा नसते. आपल्या हिंदुस्थानी संगीताच्या भातखंडे स्वरलिपीत मात्रांचे विभाग, लांबवलेल्या स्वरापुढची आडवी रेघ आणि गीताच्या लांबवलेल्या अक्षरापुढचा अवग्रह (‘ऽ’) स्पष्ट दिसतो. मी आधी तबला शिकलो होतो, तरीही पहिले तीन महिने नुसते आकडे पाठ करत राहिलो. पुढे टॅबखाली पेन्सिलीने १ ते ४ मात्रा लिहून धरलेल्या स्वरापुढे ‘ऽ’ मांडू लागलो, तेव्हा कुठे ठेका हाताला लागला.

सुरुवातीला बेन ई. किंग यांचे १९६१ सालचे ‘स्टँड बाय मी’ घ्यावे, असे मी मनापासून सुचवेन. त्यात ए दोन बार (एक बार म्हणजे चार मात्रांचा विभाग), एफ शार्प दोन, डी एक, ई एक आणि पुन्हा ए दोन, असे आठ बारांचे आवर्तन फिरत राहते. हे मूळ स्वर जाड तारेच्या पाचव्या व दुसऱ्या आणि ए तारेच्या पाचव्या व सातव्या फ्रेटवर मिळतात. बास बाजूला ठेवून बासची ओळ आधी टाळी देत तोंडाने म्हणा, आणि ती न अडखळता म्हणता आली की मगच टॅब उघडा. ऐकताना हेडफोन अवश्य वापरा, कारण खुल्या ई तारेचा स्वर सुमारे ४१ हर्ट्झचा असतो आणि एवढा खर्ज मोबाइलच्या स्पीकरमधून नीट ऐकू येत नाही.

स्वर तोडण्याकडे विशेष लक्ष द्या. मात्रा संपताच डाव्या हाताचे बोट तारेवरून उचलू नका. फक्त दाब सोडा, म्हणजे तार बोटाखालीच शांत होते आणि पुढचा स्वर स्वच्छ येतो.