मुधोळचं पिल्लू अस्सल की क्रॉस, कसं ओळखायचं?

तुमचा प्रश्न असा आहे : चिकोडीकडे एकजण ‘मुधोळ’ (शिकारी कुत्र्याची देशी जात) म्हणून दीड महिन्याचं पिल्लू विकतोय, कागद नाहीत, पण ‘शंभर टक्के प्युअर’ म्हणतो. खरं-खोटं कसं करायचं?

दीड महिन्याच्या पिल्लाकडे नुसतं बघून ते कुणालाच सांगता येत नाही. जो छातीठोकपणे सांगतो, त्याला बहुतेक ते विकायचं असतं. रूपावरून फार तर एखादं कुत्रं क्रॉस आहे हे पकडता येतं. अस्सल आहे की नाही हे आईबापावरून ठरतं. म्हणून सौदा बाजारात करू नका, पिल्लू जिथं जन्मलं तिथं जा.

तिथं गेल्यावर आधी आई बघा. पिल्लं पाजणाऱ्या कुत्रीचे सड लोंबलेले असतात, आसपासचे केस विरळ झालेले असतात आणि पिल्लं तिच्याकडे आपणहून धावतात. सड सुकलेले, पोट चपटं आणि पिल्लं जवळ गेली की ती गुरगुरते, तर ती ‘दाखवायची’ आई समजा. बाप दुसऱ्या गावाचा असेल तर त्यालाही जाऊन बघा. फोनवरच्या फोटोवर भागवू नका. आणि एक प्रश्न नक्की विचारा : कुत्री माजावर आली तेव्हा कुठं बांधली होती? माज साधारण तीन आठवडे चालतो. त्यात तिला दोन वेगवेगळे नर लागले तर एकाच वेतात दोन बापांची पिल्लं होऊ शकतात. शेतवस्तीवर मोकळी फिरणारी कुत्री असेल तर मालक कितीही प्रामाणिक असला तरी त्यालाच खात्री नसते.

आता आईबापाचं अंग. उंची डोक्यापासून मोजू नका, विकणारे तशीच मोजून दाखवतात. कुत्रं सपाट फरशीवर भिंतीला लागून उभं करा, खांद्यांच्या मधल्या सर्वांत उंच हाडावर पट्टी आडवी ठेवा, भिंतीवर खूण करा आणि जमिनीपासून मोजा. पूर्ण वाढलेला नर साधारण 68 ते 73 सेंमी, म्हणजे 27 ते 29 इंच भरतो. मादी 63 ते 68 सेंमी. तोंड लांब आणि नाकाकडे निमुळतं, कवटी अरुंद, छाती खोल, पोट वर ओढलेलं, शेपूट मुळाशी जाड आणि टोकाला बारीक. दोन-तीन बरगड्या दिसल्या तर उपाशी ठेवलंय असं समजू नका, या जातीचा बांधाच तसा. दात बघताना ओठ वर करा : वरचे पुढचे दात खालच्या दातांवर नुसते टेकून बसले पाहिजेत. रंगावर मात्र जाऊ नका, मुधोळ बऱ्याच रंगांत येतं. कान, पाय आणि शेपटीवर रेशमी झालर असेल तर त्याला पश्मी म्हणतात, तेही चालतं.

खरी मेख कानाशी आहे. आपल्याकडे शर्यतीच्या नादात ग्रेहाउंडचं (शर्यतीत पळवायच्या विलायती जातीचं) रक्त मिसळलेली कुत्री मुधोळ म्हणून सर्रास खपतात. ग्रेहाउंडचा कान छोटा, मागे दुमडून मानेला चिकटलेला. मुधोळचा कान डोक्याच्या बाजूला खाली लोंबतो. मागच्या मांड्या अवाढव्य आणि कंबर कमानीसारखी वर उचललेली असेल तरी शंका घ्या. गावठीचा क्रॉस असेल तर रुंद कपाळ, अर्धवट उभे कान किंवा पाठीवर वळलेलं शेपूट त्याची चुगली करतं. पण हे सगळं मोठ्या कुत्र्यात. पिल्लाचे दात बदलताना, म्हणजे चार ते सहा महिन्यांत, कान वरखाली होतात, तेव्हा त्यावरून निकाल लावू नका.

टाळू काळी, वीस नखं, ‘डबल बोन’ (म्हणजे जाड हाड) अशा ज्या खुणा विकणारे अस्सलपणाच्या म्हणून सांगतात, त्यांना काही अर्थ नाही. बहुतेक कुत्र्यांना पुढच्या पायांत पाच-पाच आणि मागच्या पायांत चार-चार, अशी अठरा नखं असतात. मागं जादा नख असलं म्हणून रक्त शुद्ध होत नाही, तरी त्याचे हजार रुपये जादा मागणारे भेटतील! ‘एकदा गावठी लागला की कुत्रीची पुढची सगळी वेतं बिघडतात’ हेही खोटं. पुढच्या वेताला बाप अस्सल असेल तर ते वेत अस्सलच.

कागदाचं म्हणाल तर केनेल क्लब ऑफ इंडियाच्या (कुत्र्यांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेच्या) दाखल्यावर ‘कॅरव्हान हाउंड’ लिहिलेलं असतं, त्यानं गोंधळू नका, जात तीच. दाखल्यावर आईबापाची, आजा-आजीची नावं भरलेली आहेत का बघा. मायक्रोचिपचा (कातडीखाली बसवलेल्या ओळखीच्या चिपचा) पंधरा आकडी नंबर कागदावर असेल तर ती वाचायचा रीडर असलेल्या जनावरांच्या डॉक्टरकडे जा आणि रीडर पिल्लाच्या मानेवर फिरवून नंबर जुळवा. न जुळणारा कागद दुसऱ्याच कुत्र्याचा असतो. आणि ‘सरकारनं मान्य केलेली जात आहे’ म्हणून कुणी सांगितलं तर, कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोनं मुधोळची नोंद केली आहे हे खरं. पण ती जातीची नोंद, तुमच्या पिल्लाची नव्हे.

डीएनए चाचणी गालाच्या आतून काडी फिरवून होते. जात सांगणारी चाचणी नमुना आपल्याजवळच्या साठ्याशी ताडते. त्या साठ्यात मुधोळच नसेल तर अस्सल कुत्र्यालाही ‘सालुकी, ग्रेहाउंड’ असा दुसऱ्याच जातींचा मिश्र निकाल येईल, म्हणून आधी विचारा. त्यापेक्षा पिल्लू, आई आणि सांगितलेला बाप या तिघांची पालकत्व चाचणी जास्त उपयोगाची. बाप खोटा असेल तर ती पकडते.

वेळ असेल तर गोकाककडून कर्नाटकातलं मुधोळ गाव गाठा. तिथं तिम्मापूरला पशुवैद्यकीय विद्यापीठाचं श्वान संशोधन केंद्र आहे. पिल्लं न घेता नुसती मोठी कुत्री बघून आलात तरी नजर तयार होते. आणि कुठूनही घ्या, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला 2017 च्या केंद्रीय नियमांनी बंदी आहे. त्यामुळे चिकोडीवाल्याला सांगा, अजून पंधरा दिवस थांबतो, तेवढ्यात बाप दाखव. त्यानं टाळाटाळ केली तर गावठी क्रॉसचा भाव द्या किंवा सोडून द्या.