सा आणि कोमल रे सारखेच वाटतात, म्हणजे कान खराब आहे का?

ताई, तुम्ही लिहिलंय की म्हापशाच्या क्लासात सर पेटीवर दोन पट्ट्या दाबतात, 'वरचा कुठला?' विचारतात, आणि तुम्ही अंदाजाने बोलता. मी फोंड्यात बावीस वर्षं भजन आणि पेटी शिकवतोय. असे विद्यार्थी दरवर्षी एक-दोन येतातच, आणि त्यांतल्या बहुतेकांचा कान ठीकच निघतो.

सा २४० हर्ट्झला धरला तर कोमल रे, म्हणजे साच्या लगेच वरचा स्वर, साधारण २५४ला येतो, म्हणजे सहा टक्क्यांचा फरक. साधा कानही याहून बारीक फरक टिपतो. मग अडतं कुठे? बहुतेकदा प्रश्नात. 'सारखे की वेगळे' आणि 'वरचा कुठला' हे दोन वेगळे प्रश्न आहेत. त्यातून आपली भाषाही घोटाळा करते. घरात 'आवाज चढवू नको' म्हणतात तेव्हा अर्थ असतो ओरडू नको. पेटीवर तर 'वर' म्हणजे उजवीकडे! एका मुलाला मी 'बारीक कुठला, जाड कुठला' असं विचारलं आणि तो धडाधड बरोबर सांगू लागला. (मी तोवर चार महिने त्याला उगाच ओरडत होतो.)

दुसरी अडचण नादाच्या जातीची. पेटीचा सा आणि गळ्यातला सा यांचे उपस्वर (मूळ स्वरासोबत वाजणारे बारीक स्वर) वेगळे, त्यामुळे नवशिक्याला पेटीचा स्वर उगाच उंच भासू शकतो. म्हणून आधी पेटीशी पेटीच ताडून बघा. सा-पपासून सुरू करा, मग सा-ग, शेवटी सा-कोमल रे. पेटीत मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता सरकणं) नाही, म्हणून गळ्याने 'ऊँ' करत सरकत जा. चवथीच्या आरतीला घुमट (आपलं मातीचं तालवाद्य) वाजतं तेव्हा वाजवणाऱ्याचा डावा हात बघा. घुमटाचं मोकळं तोंड झाकलं-उघडलं की नाद कसा बदलतो ते आधी दिसतं, मग ऐकू येऊ लागतं.

खरा अम्युझिया, म्हणजे मेंदूला स्वरांतला फरक नीट न कळणं, वेगळा. अलीकडच्या अंदाजानुसार शंभरात दीड माणसाला तो जन्मजात असतो. पूर्वी चार म्हणत. अशांची श्रवणचाचणी स्वच्छ येते. मेंदूच्या लहरींत स्वरबदल नोंदलेला दिसतो, पण जाणिवेपर्यंत पोचत नाही. अशा माणसाला ओळखीची चालही शब्दांशिवाय ओळखता येत नाही. तुम्हाला नुसत्या धुनेवरून आरती ओळखता येते, असं तुम्हीच लिहिलंय.

एक मात्र करा: आधी एक कान झाकून, मग दुसरा झाकून तोच सा ऐका. वेगवेगळा वाटला किंवा शिट्टीसारखा आवाज येत असेल, तर आधी कानाच्या डॉक्टरांना दाखवा, मग सरांकडे जा.