मोजायचं ते हिब्रूत

प्रश्न : बायबलच्या पहिल्याच वचनात 37 आणि 73 या संख्या दडलेल्या आहेत असं वाचलं. मराठी बायबल घेऊन अक्षरं मोजली, पण काहीच जुळेना. कुठे चुकतंय? (वाचक, भायखळा)

उत्तर : तुमची मोजणी ठीक आहे, मजकूर चुकीचा घेतलात. हा हिशेब हिब्रूतच जुळतो, भाषांतरात तो उरत नाही. हिब्रूत 22 अक्षरं आणि प्रत्येकाला किंमत : पहिल्या नऊ अक्षरांना 1 ते 9, पुढच्या नऊंना 10 ते 90, शेवटच्या चारांना 100 ते 400. आपल्या कटपयादी या जुन्या अक्षर-अंक पद्धतीत अक्षरांवरून अंक काढून ते शेजारी मांडतात. इथे किमतींची सरळ बेरीज करायची.

पहिला शब्द ‘बेरेशीत’ (प्रारंभी) घ्या. बेत 2, रेश 200, आलेफ 1, शीन 300, योद 10, ताव 400. बेरीज 913. पुढचे सहा शब्द असे : बारा 203, एलोहीम 86, एत 401, हाशामायिम 395, वेएत 407, हाआरेत्झ 296. एकूण 2701, म्हणजेच 37 गुणिले 73. शिवाय 1 ते 73 पर्यंतच्या सगळ्या संख्यांची बेरीजही 2701 येते. शब्द 7, अक्षरं 28. खरोखर देखणं गणित आहे हे, कागद-पेन्सिल घेऊन एकदा स्वतः करून पाहा.

गल्लत होते ती दोन ठिकाणी. अक्षरांखालच्या स्वरखुणा मोजायच्या नसतात, त्यांना किंमत नाही. आणि शब्दाच्या शेवटी मेम व त्सादे ही अक्षरं वेगळ्या आकारात लिहितात. त्यांना 600 आणि 900 धरणारी आणखी एक पद्धत आहे. ती लावली की बेरीज 4631 होते आणि 37-73 नाहीसे होतात. म्हणून कुणी असा आकडा सांगितला की आधी विचारा, कोणत्या पद्धतीने काढला? बेरीज बरोबर आहे एवढ्यावरून लेखकाने ती ठरवून साधली, असं मात्र सिद्ध होत नाही.

प्रश्न : स्तोत्र 118 बायबलच्या बरोबर मधोमध आहे, आधी 594 अध्याय आणि नंतर 594, असा मेसेज फिरतोय. खरं का? (वाचक, वांद्रे)

उत्तर : नाही. 66 पुस्तकांच्या बायबलात 1189 अध्याय आहेत. स्तोत्रसंहितेच्या आधी 478, आणि त्या पुस्तकात प्रत्येक स्तोत्र हा एक अध्याय, म्हणजे मधला, 595वा अध्याय म्हणजे स्तोत्र 117. स्तोत्र 118 च्या आधी 595 आणि नंतर 593 भरतात. तुमच्या घरी 73 पुस्तकांचं कॅथलिक बायबल असेल तर हा मध्यही सरकतो. मुळात अध्यायांची आजची विभागणी तेराव्या शतकातली, इंग्लंडचे आर्चबिशप स्टीफन लँग्टन यांच्या नावावर असलेली. नव्या करारातल्या वचनांचे आकडे तर फ्रेंच मुद्रक रोबेर एस्तिएन यांनी 1551 मध्ये घातले. त्या आकड्यांत मूळ लेखकांचा संकेत शोधणं व्यर्थ आहे.

रचनेतच विणलेली संख्या पाहायची असेल तर एकच पान पुढे जा. स्तोत्र 119 मध्ये 176 वचनं आहेत, 22 अक्षरं गुणिले 8. हिब्रूत पहिली आठही वचनं आलेफने सुरू होतात, पुढची आठ बेतने, असं थेट तावपर्यंत. बऱ्याच आवृत्त्यांत प्रत्येक आठ वचनांवर त्या अक्षराचं नाव छापलेलं असतं. ही मांडणी कवीने जाणूनबुजून केलेली आहे, शंकेला जागाच नाही.

प्रश्न : मग 666 चं काय? (वाचक, दादर)

उत्तर : 666 ही बायबलच्या शेवटच्या पुस्तकातली, प्रकटीकरणातली, श्वापदाची संख्या. प्रकटीकरण 13:18 स्वतःच तिची ‘गणना करा’ म्हणतं, तेव्हा इथे मोजणं रास्तच. बहुतेक अभ्यासक ‘नेरोन केसर’ हे रोमन सम्राट नीरोचं नाव हिब्रू अक्षरांत लिहून बघतात : नून 50, रेश 200, वाव 6, नून 50, कोफ 100, सामेख 60, रेश 200. झाले 666. काही जुन्या हस्तलिखितांत मात्र 616 आहे. लॅटिन वळणाने ‘नेरो’ लिहिलं तर शेवटचा नून गळतो, 50 कमी होतात आणि नेमके 616 उरतात.