फॉर्मवर सही केली, म्हणून फी बुडाली का?

प्रश्न: मुलीला दहावीनंतर लातूरला नीटच्या क्लासला घातलं. दोन वर्षांची फी १ लाख २० हजार. ८० हजार भरले, पावती आहे. उरलेल्या ४० हजारांचा जानेवारीचा चेक दिलाय. तीन महिन्यांतच मुलगी आजारी पडली, तिला घरी आणलं. क्लासवाले फॉर्म दाखवतात: ‘एकदा भरलेली फी कोणत्याही कारणास्तव परत मिळणार नाही.’ खाली माझी सही आहे. चेकही बँकेत टाकणार म्हणतात. काय करू?
– एक पालक, कंधार (जि. नांदेड)

उत्तर: मुलीला आधी बरं वाटू द्या. पैशांचं वेळेत पत्र दिलंत तर बरंच सावरता येईल.

वकिलीच्या पहिल्या काही वर्षांत क्लासेससाठी असे फॉर्म मी स्वतः तयार करून दिले आहेत. ते वाक्य पालकाने पुन्हा ऑफिसात येऊ नये म्हणून घातलेलं असतं, आणि बहुतेक पालक खरंच येत नाहीत. पुढे ग्राहकांच्या बाजूने उभी राहू लागले, तेव्हा त्याच वाक्याविरुद्ध भांडावं लागलं. १८७२च्या करार कायद्याचं कलम ७४ सांगतं की करार मोडणाऱ्याकडून समोरच्याला वाजवी भरपाईच मिळते. तीन महिने शिकवून चोवीस महिन्यांची फी ठेवणं वाजवी कसं ठरेल? तीन महिन्यांचे होतात १५ हजार. पुस्तकं, प्रवेशाचा खर्च म्हणून ग्राहक आयोग (ग्राहकांच्या तक्रारी ऐकणारं न्यायालयासारखं मंडळ) आणखी काही कापू देईल. पूर्ण ६५ हजार मिळतीलच असं मी म्हणणार नाही. पण हक्क तुमचा आहे. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या जानेवारी २०२४च्या मार्गदर्शक सूचनांतही मध्येच क्लास सोडणाऱ्याला उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत द्यावी असं म्हटलं आहे. तो कायदा नव्हे, पण पत्रात जरूर लिहा.

क्लासचे वकील म्हणतील, शिक्षण ही ‘सेवा’ नाही, म्हणून ग्राहक कायदा लागू होत नाही. ते शाळा-कॉलेजांबद्दल. कोचिंग क्लासला शिक्षणसंस्था म्हणता येत नाही, हे राष्ट्रीय आयोगाने मनू सोलंकी प्रकरणात २०२० साली स्पष्ट केलंय.

तक्रारीसाठी लातूरला खेपा घालायची गरज नाही. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे नांदेडच्या जिल्हा आयोगात दाद मागता येते. पाच लाखांपर्यंत शुल्क शून्य, मुदत दोन वर्षं. एक खाचखळगा मात्र सांभाळा: तक्रारीत ‘अन्याय्य करार’ हा मुद्दा मुख्य करू नका. तो ऐकण्याचा अधिकार जिल्हा आयोगाला नाही, राज्य आयोगाला आहे. ‘अनुचित व्यापारी प्रथा’ आणि ‘सेवेतील त्रुटी’ असंच लिहा. निव्वळ या शब्दांपायी प्रकरणं अडकलेली मी पाहिली आहेत.

मला खरी काळजी चेकची वाटते. नुसतं ‘स्टॉप पेमेंट’ करून गप्प बसू नका, तसा परत गेलेला चेकही चेक न वटण्याच्या गुन्ह्याच्या कलम १३८खाली येऊ शकतो. मुलगी अमुक तारखेपासून येत नाही, पुढची सेवा घेतलेली नाही, म्हणून चेकची रक्कम देणं लागत नाही, चेक परत करा आणि उरलेली फी द्या, असं पत्र आजच स्पीड पोस्टाने पाठवा. सोबत डॉक्टरांच्या कागदांची प्रत जोडा. तरीही चेक टाकला आणि नोटीस आली, तर ती मिळाल्यापासून पंधरा दिवसांच्या आत वकिलामार्फत उत्तर गेलंच पाहिजे.

आणि पोस्टाची पावती फीच्या पावतीलाच टाचून ठेवा.