तुमचे प्रश्न : रॅम ४०००वर, गेम मात्र अडखळतोय

प्रश्न : दादा, मी अकोल्याचा, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. रायझन ५ ५६०० प्रोसेसर, बी४५० बोर्ड, ८-८ जीबीच्या दोन डीडीआर४ स्टिक, पाकिटावर ३२०० सीएल१६ लिहिलंय. बायोसमध्ये (पीसी सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) स्पीड डायरेक्ट ४००० टाकला, सीएल २० केलं, पीसी चालू पण झाला. पण गेममध्ये एफपीएस (सेकंदाला दिसणारी चित्रं) आधीपेक्षा कमी येतायत आणि दुपारी दोनदा ब्लू स्क्रीन आली. मित्र म्हणतो व्होल्टेज १.५ कर, करू का?

उत्तर : नको रे बाबा. (कॉलेजात आहेस म्हणून अरेतुरे करतोय, राग मानू नकोस.)

आधी एफपीएस का पडले ते सांगतो. रायझनच्या आत इन्फिनिटी फॅब्रिक म्हणून एक रस्ता असतो, रॅमचा डेटा त्याच रस्त्याने कोअरपर्यंत येतो. समज रॅम ३६००वर आहे, तर तिचं खरं घड्याळ १८०० मेगाहर्ट्झ, कारण डीडीआर म्हणजे एका ठोक्यात दोनदा डेटा, म्हणून तर सीपीयू-झेड या सॉफ्टवेअरमध्ये निम्मा आकडा दिसतो आणि लोक घाबरून दुकानदाराला फोन करतात. तर फॅब्रिक १८०० आणि रॅमशी बोलणारा मेमरी कंट्रोलरही १८००, सगळे एका तालात, याला वन-टू-वन म्हणतात. तू ४००० टाकलंस की घड्याळ झालं २०००, फॅब्रिकला तेवढं बहुतेक वेळा झेपत नाही, मग बोर्ड ऑटोवर असेल तर गुपचूप कंट्रोलर निम्म्यावर म्हणजे १०००वर आणतो. ताल तुटला की लेटन्सी, म्हणजे डेटा यायला लागणारा वेळ, वाढते आणि गेमला तीच जास्त बोचते.

आता सीएलचा हिशोब कर. सीएल म्हणजे मागितलेला डेटा द्यायला रॅम किती ठोके घेते तो आकडा. सीएलला २०००ने गुणायचं आणि स्पीडने भागायचं, नॅनोसेकंद मिळतात. ३२०० सीएल१६ म्हणजे १०, ३६०० सीएल१८ पण १० आणि तुझं ४००० सीएल२०, तेही १०च! म्हणजे तिथे काही कमावलं नाहीस आणि ताल मात्र घालवून बसलास.

मी तुझ्या जागी असतो तर आधी एक्सएमपी, म्हणजे कंपनीनेच रॅममध्ये भरून दिलेलं सेटिंग, लावून ३२००वर आलो असतो (काही बोर्डांवर त्यालाच डीओसीपी म्हणतात) आणि दोन दिवस तसाच वापरला असता. मग ३६००, टायमिंग १८-२२-२२-४२ (पहिला आकडा सीएल), व्होल्टेज १.३५, आणि फॅब्रिक ऑटोवर न सोडता हाताने १८००. नाहीच चाललं तर १.४ पर्यंत जा, तुझ्या स्टिकसाठी मी त्याच्यावर जाणार नाही. डीडीआर४चं मूळ व्होल्टेज १.२ आहे, १.५ सोसणारे किट वेगळे आणि महाग असतात. सेटिंग चुकून स्क्रीन काळीच राहिली तर घाबरू नकोस, प्लग काढून बोर्डवरचा नाण्यासारखा सेल पाच मिनिटं काढून ठेव, बायोस मूळ सेटिंगवर येईल.

आणि पीसी चालू झाला म्हणजे रॅम पास झाली असं नसतं. पेनड्राईव्हवरून रॅम तपासणारं मेमटेस्ट८६ रात्रभर चालव, पण तेवढ्यावर थांबू नकोस, दुसऱ्या दिवशी भर दुपारी खोलीतला कूलर (पीसीचा नव्हे) बंद करून टेस्टमेम५ हे विंडोजमधलं तसंच सॉफ्टवेअर पण चालव. रॅमच्या पेशींमधला चार्ज गरमीत लवकर गळतो, त्यामुळे जानेवारीत पास झालेलं सेटिंग अकोल्याच्या मे महिन्यात हमखास रडतं, तुझी ब्लू स्क्रीन दुपारीच का येते याचं कारण बहुतेक हेच. एक जरी एरर आली तरी सेटिंग नापास, कारण ब्लू स्क्रीन दिसते तरी, पण चुकीचा डेटा चुपचाप डिस्कवर लिहिला गेला तर प्रोजेक्टची फाईल सबमिशनच्या आदल्या रात्री उघडणार नाही, मग बस बोंबलत. टेस्टच्या आधी बॅकअप घे.

हे सगळं करून फायदा किती, तर ३२००वरून ३६००ला थोडेच एफपीएस वाढतील, आणि ग्राफिक्स कार्डच आधीपासून १०० टक्क्यांवर पळत असेल तर तेही जाणवणार नाहीत.

प्रश्न : माझ्याकडे आय३-१२१०० प्रोसेसर आणि एच६१० बोर्ड आहे, ३६००ची १६ जीबीची एक स्टिक घेतली पण ३२००च दाखवतंय. रॅम खराब आहे का?

उत्तर : रॅम ठीक आहे हो, एच६१०वर मेमरी ओव्हरक्लॉक होतच नाही, म्हणजे ठरलेल्यापेक्षा जास्त स्पीडने पळवता येत नाही, डीडीआर४ ३२००लाच थांबतं. त्या आकड्याच्या मागे लागू नका, दुसरा स्लॉट रिकामा असेल तर तशीच अजून एक स्टिक टाका, ड्युअल चॅनल, म्हणजे दोन्ही स्टिकमधून एकाच वेळी डेटा येणं, सुरू झालं की जो फरक पडेल तो ३६००ने पडला नसता, आणि तुम्ही त्या प्रोसेसरच्याच ग्राफिक्सवर गेम खेळत असाल तर अजूनच जास्त.