बर्मिंगहॅममध्ये (अलाबामा) चांगलं जेवण कुठे शोधावं?

कामानिमित्त काही महिने बर्मिंगहॅमला राहणार आहात आणि चेनच्या हॉटेलांपलीकडचं खायचंय, तर सुरुवात दुपारच्या जेवणापासून करा. या शहराची खरी चव 'मीट अँड थ्री'मध्ये आहे: एक मांसाचा पदार्थ, तीन भाज्या, सोबत कॉर्नब्रेड. आपल्या राइस प्लेटसारखंच, फक्त काय घ्यायचं ते तुम्ही निवडायचं. मॅकरोनी-चीज इथे भाजीत मोजतात! निकीज वेस्ट या हॉटेलात काउंटरवर मांडलेल्या भाज्याच इतक्या असतात की निवडताना गोंधळ होतो. अशा ठिकाणी कामगार आणि ऑफिसातली माणसं एकाच रांगेत दिसली की निःशंक आत शिरा.

इथली बरीच जुनी हॉटेलं ग्रीक कुटुंबांनी उभी केली. जवळच्या बेसेमरमधलं 'द ब्राइट स्टार' 1907 पासून चालू आहे, तिथे मासे खा. बार्बेक्यू खाताना चिकनवर पांढरा सॉस मागा. मेयोनीज आणि व्हिनेगरचा हा सॉस उत्तर अलाबामाची खासियत आहे.

शाकाहारी असाल तर मात्र प्रत्येक वेळी विचारा. कोलार्डची पालेभाजी, घेवडा, राजम्यासारख्या शेंगांचे दाणे, सगळ्यांत डुकराचं मांस घालून शिजवायची पद्धत आहे, आणि 'व्हेजिटेबल प्लेट' म्हणजे शुद्ध शाकाहारी नव्हे.

रविवारी जाण्याआधी फोन करा. बरीच ठिकाणं बंद असतात, उघडी असतात तिथे चर्च सुटल्यावर मोठी गर्दी होते.